साडूंच्या बाटलीतली बेटं

आमच्या साडूंइतका लाडका जावई पेणपासून रोह्यापर्यंत, मधलं कासू आणि नागोठणं धरून, आजवर झाला नाही आणि यापुढे होईल असं वाटत नाही. हे मी कौतुकानं सांगतोय असा गैरसमज नको. त्याच सासुरवाडीचा मी धाकटा जावई आहे, आणि या एका माणसापायी माझ्या पोटात जेवढं दुखलंय तेवढं आयुष्यात दुसऱ्या कशानं दुखलेलं नाही. माझं पेणला रंगांचं दुकान आहे. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतींना जे पितांबर चढतात, त्यांतला बराचसा पिवळा माझ्याकडचा. सासूबाई तेव्हा वडखळच्या अलीकडे खाडीकाठच्या गावात एकट्या राहायच्या, म्हणजे दुकान बंद करून स्कूटरला किक मारली की मी त्यांच्या दारात. त्यांचं लाइटबिल मी भरायचो, सिलिंडर मी आणायचो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर मी लावायचो, पावसाआधी कौलं मी परतून घ्यायचो. आणि साडू काय करायचे? पंधरवड्यातून एकदा रोह्याहून यायचे, ओटीवर टेकायचे आणि म्हणायचे, "आई, जरा बारीक झालात." एवढंच! की झालं, सासूबाई विरघळल्या. मग "थोरलं जावय आलं, थोरलं जावय आलं" करत त्या चुलीपाशी धावायच्या आणि माशाच्या अंड्यांची तळलेली गाभोळी साडूंच्या पानात पडायची. माझ्या पानाशी आल्यावर मात्र म्हणायच्या, "तुमी काय, घरचंच." घरच्या माणसाला शेपटीकडचा तुकडा चालतो, हा त्याचा अर्थ मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळला.

साडू रोह्याजवळच्या भातशेतीवाल्या घरातले, धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला. दिसायला म्हणाल तर चारचौघांसारखे. पण त्यांच्या पँटची इस्त्री हा एक चमत्कार होता. रात्रपाळी करून आलेले असोत, एसटीत उभ्यानं आलेले असोत, त्या इस्त्रीची धार बोथट झालेली मी पाहिली नाही. खाली बसताना ते दोन्ही गुडघ्यांवर चिमटीत कापड उचलायचे आणि असे अलगद बसायचे, की आमच्या बायकोनं मला दहादा सांगावं, "बघा, बसावं कसं ते बघा." आता माणसानं बसण्यावरूनही बोलणी खायची म्हणजे कमाल झाली! दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची बाटली. खांद्यावरच्या पिशवीत एक रिकामी बाटली कायम असायची. जिथं जातील तिथलं पाणी त्या बाटलीत भरून आणायचं आणि त्याचा चहा करून बघायचा. "माणूस खोटं बोलंल शेट, पाणी नाय बोलायचं," असं ते मला सांगायचे. "नुसतं पिऊन कळत नाय. चहा टाकायचा. मग गाव कसा, लोक कशी, सगळं वर येतं." ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला बघायला आले तेव्हा एका कपात त्यांनी होकार देऊन टाकला होता म्हणे. माझ्या लग्नात हे गृहस्थ मांडवामागे जाऊन टँकरचं पाणी चाखून आले, ते नको म्हणाले, आणि वाडीतल्या विहिरीवरून स्वतः पाणी वाहून त्यांनी चहा करवला. आजही माझ्या लग्नाचा विषय निघाला की लोक चहाबद्दल बोलतात. नवरा कोण होता ते विचारावं लागतं.

एकदा रोह्याहून गाडीनं पेणला येताना कासू स्टेशनाबाहेर त्यांना हापशाभोवती बायकांची झुंबड दिसली. ज्या अर्थी एवढ्या बायका, त्या अर्थी पाणी गोड, असा हिशेब करून साहेब बाटली घेऊन उतरले. गाडी गेली. गाडीबरोबर पिशवी गेली, पिशवीत मोबाइल गेला. आम्ही इकडे पेण स्टेशनवर तोंडचं पाणी पळून उभे, आणि हे दुपारी दुधीभोपळ्यांनी भरलेल्या टेम्पोत मागे बसून आले, मांडीवर एक दुधी, हातात बाटली, पँटची इस्त्री जागच्या जागी. सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या. "काय हौशी माणूस बाय!" अहो, माझी एकदा वडखळला एसटी चुकली होती, नुसती चुकली, तर याच बाई म्हणाल्या होत्या, "धाकट्यांचं ध्यान कुठं असतंय कोन जाणं."

तर अशा या माणसाशी माझी खरी झुंज लागली ती एका बेटावरून. झालं असं, की एका रविवारी सासूबाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचं माहेर मिठागरातलं, लहानपण सगळं होड्यांत गेलेलं. लग्नानंतर रस्ते झाले, पूल झाले, आणि होडी सुटली ती सुटलीच. शेंगा सोलता सोलता त्या सहज बोलल्या, "एकदा मना पाण्यावर बसायचाय. गुडघं चालतात तवर." सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झालेली. या बाईनं कधी कोणाकडे काही मागितलेलं आम्हाला आठवत नव्हतं. ताईचे हात थांबले, बायकोचे थांबले. मी म्हणणारच होतो की आई, मी नेतो. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात साडू गुडघ्यावरचं कापड सोडून म्हणाले, "आई, झालं समजा. दिवसभर आराम. होडीत बसायचं, बेटावर उतरायचं, सावलीत भाकर खायची, परत यायचं. पण बेट मी निवडतो. असं-तसं बेट नको." आणि माझं उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

ज्यानं बायको एका कपात निवडली, त्यानं बेटाला अख्खा हिवाळा घातला. सुट्टीच्या दिवशी एकटे उठायचे, एकेका बेटावर जाऊन पाहणी करायचे, आणि रविवारी सासूबाईंच्या घरी बाटली हजर. मग चहा. आम्हा सगळ्यांना अर्धा अर्धा कप, आणि साडूंचं भाषण. खांदेरीच्या पाण्याचा चहा कडक झाला, पण तिथं वेताळाचं ठाणं आणि आईंना चढाव झेपायचा नाही, म्हणून खांदेरी बाद. घारापुरीचा चहा उत्तम होता, पण साडू म्हणाले, "माकडं हायत. हातातनं भाकर नेतात. पाणी चांगलं, शेजार वाईट." जंजिऱ्याच्या पाण्यानं दूध फाटलं. साडूंनी पातेल्यात बराच वेळ पाहिलं आणि हळहळून म्हणाले, "इतिहास मोठा हाय, पण पाणी शिळं." अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला तर त्यांनी विचारातच घेतलं नव्हतं. "दिवसातनं दोनदा जमिनीला चिकटतं, त्याला काय बेट म्हणायचं शेट? अर्धवेळ नोकरी ती." यावर सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण ज्या सिलिंडरवर हे सगळं उकळत होतं तो कोणी आणलेला, हे कोणाच्या लक्षात नव्हतं. त्या हिवाळ्यात माझे सगळे रविवार त्या माणसानं खाल्ले. रात्री घरी आलं की बायको म्हणायची, "भावोजी किती करतात ना आईसाठी!" मी कूस बदलायचो. जळफळाट म्हणजे काय हे ज्यांना शब्दकोशातून कळत नाही त्यांनी मला विचारावं.

चैत्र लागला तरी बेट ठरेना. आणि मला एकदम सुचलं. बेट त्यांनी निवडायचं हे ठरवलं कोणी? त्यांनीच. मग होडीत बसवायचं मी ठरवलं तर? मी कुलाबाच निवडला, मुद्दाम, त्यांनी थट्टा केलेला. आणि दिवस निवडला पौर्णिमेचा, कारण पौर्णिमेला भरती मोठी, एवढं मला माहीत होतं. आता समुद्र भरपूर असला म्हणजे होडी भरपूर चालणार, यात चुकलं काय? साडूंची दुसरी पाळी असलेला दिवस पाहून मी गाडी सांगितली, आणि आदल्या दिवशी त्यांना फोन केला. खरं तर फोन करायची गरज नव्हती. पण नुसतं जिंकून काय उपयोग, समोरच्याला कळायला नको? त्यांनी तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाले, "छान केलंत शेट. आईंना आनंद होईल. फक्त पौर्णिमा हाय ना, दुपारच्याला पोचा हं तिकडं."

घ्या! मी ठरवलेल्या सहलीत यांची लुडबुड. दुपारच्याला पोचा म्हणे! आम्ही काय यांच्या कंपनीत कामाला आहोत, शिफ्ट लावायला? सकाळी ताई रोह्याहून येऊन पोचली होती, सासूबाई नवं नऊवारी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून ओटीवर तयार बसल्या होत्या. "लवकर निगू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "छे, उन्हाचं कशाला? जेवून, जरा पडून, उन्हं कलली की जाऊ." त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या आणि "बरा" म्हणाल्या. दुपार टळल्यावर निघालो, वडखळच्या नाक्यावर कंटेनरच्या रांगेत अडकलो, आणि अलिबागच्या किनाऱ्यावर उतरलो तेव्हा चहाची वेळसुद्धा होऊन गेली होती. बघतो तर समुद्र नाही. म्हणजे होता, किल्ल्याच्या पलीकडे कुठंतरी चमकत होता. अलीकडे नुसती ओली वाळू, वाळूत पाय आपटत चाललेली पोरंसोरं, आणि होड्या आडव्या पडलेल्या. पौर्णिमेला दुपारी भरती आणि संध्याकाळी ओहोटी, आणि भरती जेवढी मोठी तेवढीच ओहोटीही मोठी, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पेणच्या रंगवाल्याला नव्हतं. "किल्ल्यावर जायचं? घोडागाडी हाय," एक गाडीवाला पुढे येऊन म्हणाला. ताईनं पदर तोंडाला लावला. बायकोनं लावला नाही, ती सरळ हसली.

शेवटी बोटीच्या सहलीला निघालेल्या आमच्या सासूबाई समुद्राच्या तळावरून घोडागाडीनं किल्ल्यावर गेल्या. दोघी बहिणी मागून चालत, गाडीत मी आणि त्या. माझं तोंड एवढंसं झालेलं. मी म्हटलं, "आई, तुम्हाला माहीत होतं ना, पाणी नसणार ते?" त्या म्हणाल्या, "व्हय. सकालीच." "मग बोलला का नाहीत?" तर त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "तुमी येवड्या हौसेनं गाडी आनलीत. जावयाचा हिरमोड कशाला करू?" घोडा फुरफुरला. पाण्याच्या डबक्यांतून चाकं चालली होती. मग त्या हळूच म्हणाल्या, "मना या दर्याचा भ्याव वाटतो, खरा सांगू? मी खाडीची. आमच्या मिठागराच्या वाटंवर मधीच एक बेट व्हता, इवलासा. बापाची भाकर घेऊन आमी होडीनं जायचो, तिथं टेकायचो. मना तिथं जायाचं व्हता." मी म्हटलं, "हे एवढा हिवाळाभर सांगितलं नाहीत?" त्या हसल्या. "थोरलं एवढी बाटली घेऊन फिरतात. त्यांचा पन हिरमोड कशाला?"

म्हणजे बघा! तो चहा पिऊन पिऊन बाईंच्या घशाशी आलं असेल, पण दोन जावयांची मनं राखत बसल्या होत्या. पण मी तेव्हा एवढा चांगला विचार केला नाही. माझ्या मनात एकच गोष्ट नाचत होती: हे साडूंना माहीत नाही! ज्या माणसानं तीन बेटांचा चहा पाजला त्याला खरं बेट कुठलं ते माहीत नाही, आणि मला माहीत आहे. माझी कळी अशी खुलली, की किल्ल्यातल्या गणपतीला मी दोनदा नमस्कार केला.

आठवड्याभरात मी सगळं जुळवलं. सासूबाईंच्या भावकीतला एक होडीवाला गाठला, सकाळची भरती असलेला दिवस त्याच्याकडूनच ठरवून घेतला, आणि साडूंना सहकुटुंब बोलावलं. न बोलावून कसं चालेल? जळवायला माणूस समोर नको? साडू आले ते स्टोव्ह, पातेलं आणि रोह्याच्या पाण्याचा कॅन घेऊन. बांधावर उभं राहून त्यांनी ते बेट पाहिलं. बेट कसलं, तिवरांच्या मधोमध मातीचा एक उंचवटा, त्यावर सावली धरणारं एक भेंडीचं झाड. तिथं विहीर नाही, टाकं नाही, चहाला थेंब नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होतो. ते म्हणाले, "शेट, हे मला सुचलं नसतं." आणि मनापासून म्हणाले हो! माझा निम्मा आनंद तिथंच गेला. होडीवाला ओरडला, "येवडी मानसं नाय मावायची!" मी काही बोलायच्या आत साडू मागे सरले. "तुमी जा. मी हितं चहा टाकतो, आईंना आल्यावर लागेल."

होडी सुटली तसा सासूबाईंनी एक हात पाण्यात सोडला, आणि बेट येईपर्यंत वर काढला नाही. भेंडीखाली बसून त्यांनी भाकरी आणि सुकटीची चटणी काढली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की उन्हानं चमकत होतं ते मला कळलं नाही, पण छाती भरून आली हे खरं. आयुष्यात पहिल्यांदा मी थोरला जावई झालो होतो. तेवढ्यात त्या मान वळवून काठाकडे बघत म्हणाल्या, "थोरल्यांना भाकर ठेवलीस का गो?" बायको म्हणाली, ठेवली. पुन्हा थोड्या वेळानं, "उनात उभं हायत बिचारं." मी घास गिळला. काठावर साडू टॉवेल हलवत होते. मीही ऐटीत हात हलवला. ते आणखी जोरात हलवायला लागले. मी आणखी ऐटीत. होडीवाल्यानं तिकडे पाहिलं आणि ताडकन उठला. "अवो पाहुनं, ओहोटी लागली! चला, चला!"

व्हायचं ते झालंच. काठाच्या अलीकडे होडी चिखलात बसली. पुढे नाही, मागे नाही. होडीवाल्यानं काठी रेटली, ती अर्धी आत गेली. मी होडीच्या मधोमध दोन्ही हातांनी लाकूड धरून "काळजी करू नका आई" एवढंच म्हणत होतो, आणि आवाज माझाच कापत होता. साडूंनी चपला काढल्या आणि ते चिखलात शिरले. ती इस्त्रीची पँट घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत काळी झाली. होडीचा दोर खांद्यावर घेऊन ते ओढत होते आणि सासूबाईंना सांगत होते, "बसून राहा आई, आलोच. चहा तयार हाय." आणि होता. त्या चिखलमाखल्या हातांनी त्यांनी गाळून दिलेला चहा मी प्यायलो, आणि वाईट असता तर किती बरं झालं असतं असं मला वाटलं. तो फारच चांगला होता.

त्यानंतर सासूबाई गुडघ्यांनी हरल्या, आणि आता आमच्याकडे पेणलाच असतात. हल्ली त्यांच्या आठवणी विस्कटल्यात. कधी मला होडीवाला समजतात, कधी जेवल्यावर पुन्हा जेवायला बसतात. पण शेजारीण आली की एक गोष्ट हटकून सांगतात: "मना बेटावर नेला व्हता. आमच्या थोरल्यांनी. चिखलातनं होडी ओढत नेला." मी तिथंच बसलेलो असतो! त्यांच्या गोळ्या हातात घेऊन! रविवारी साडू येतात, बाटली घेऊन येतात, आणि दर वेळी शांतपणे दुरुस्ती करतात, "नाय आई, शेटनी नेलं तुमाला. बेट त्यांनीच शोधलं. मी काठावर चहा करत होतो." इतक्या वेळा, इतक्या गोडीनं, की मला त्याचाही राग यायचा. माझी बाजूसुद्धा यांनीच मांडायची का?

गेल्या रविवारी पुन्हा तेच झालं. सासूबाईंनी गोष्ट सांगितली, साडूंनी दुरुस्त केली. पण या वेळी सासूबाईंनी एकदा साडूंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काहीतरी हातातून सांडल्यासारख्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "असा कसा? मना तर चांगला आठवतो..." माझ्याच्यानं बघवेना. मी म्हटलं, "आई, तुम्ही म्हणता तेच खरं. यांनीच नेलं तुम्हाला."

"अवो शेट..." साडू म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!" मी म्हटलं. "यांनीच नेलं आई. मी काठावर होतो."

"आनि तुमी काय करत व्हता?"

"चहा करत होतो."

सासूबाईंचा चेहरा निवळला. त्यांनी माझा हात धरला. "व्हय व्हय. काय चहा झाला व्हता तो! तसा चहा मी परत नाय प्याले."

साडू खाली बघत होते. गुडघ्यावरचं कापड चिमटीत धरून, सोडून, पुन्हा धरून त्यांनी शेवटी पिशवीतली बाटली काढून माझ्या हातात दिली. "व्हय आई, शेटच्या हाताला चव हाय," ते म्हणाले. "जावा शेट, टाका. आईंना तुमच्या हातचा पाहिजे."

मी स्वयंपाकघरात आलो. मला चहा करता येत नाही हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे. बाटलीतलं पाणी पातेल्यात ओतून मी नुसताच उभा होतो. मग साडू आले, माझ्या शेजारी उभे राहिले, आणि त्यांनी गॅस बारीक केला.